औषधशास्त्राची पहिली ओळख: विदर्भातल्या नर्सिंग, एएनएम आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला वर्गात, वॉर्डात आणि कधी एसटीत शेजारी बसलेल्या मुलींनी विचारलेले आहेत. मी आधी स्टाफ नर्स होते, आता यवतमाळकडे औषधशास्त्र शिकवते. माझ्यासमोर बसणारी बहुतेक मुलं पोडावरून, टोल्यावरून (म्हणजे आदिवासी वाड्या-वस्त्यांवरून), कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून आलेली असतात. त्यांना हा विषय पाठ करायचा नसतो, वापरायचा असतो, म्हणून उत्तरंही तशीच दिली आहेत. यातले डोस समजून घेण्यापुरते आहेत. रुग्णाला देताना डॉक्टरांचा लेखी आदेश आणि तुमच्या केंद्रातली चालू मार्गदर्शिका हेच प्रमाण माना.

मी मराठी माध्यमातून आले. एवढी इंग्रजी नावं माझ्या डोक्यात राहतील का?

राहतील. खरं तर ती नावं धड इंग्रजीही नाहीत. बरीचशी लॅटिन, ग्रीक आणि रसायनांच्या नावांचे तुकडे जोडून केलेली आहेत. नागपूरच्या इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलीलाही 'मेटोप्रोलॉल' पहिल्या दिवशी तेवढंच परकं असतं.

नावाचं शेपूट बघायची सवय लावा. शेवटी 'ओलॉल' असेल तर बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी करणारं औषध, नाडी मोजल्याशिवाय द्यायचं नाही. 'प्रिल' असेल तर रक्तदाबाचं औषध, रुग्णाला कोरडा खोकला येतो का ते विचारायचं. 'सार्टन' ही त्याच कामाची दुसरी जात, तिच्यात खोकला कमी. 'प्राझोल' पोटातलं आम्ल कमी करतं, ते जेवणाच्या अर्धा तास आधी. पण नुसतं 'अझोल' ऐकून फसू नका. मेट्रोनिडाझोल अमिबा आणि काही जिवाणूंवर, फ्लुकोनाझोल बुरशीवर, अल्बेंडाझोल जंतांवर. शेपूट सारखं, घर वेगळं.

आणि 'आम्हाला कुठं जमेल' असं मनात आलंच, तर गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांत, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक घटले होते. त्या बायकांना कुणी लॅटिन शिकवलं नव्हतं. बाळ कसं बघायचं, किती द्यायचं आणि का द्यायचं एवढं पक्कं शिकवलं होतं.

औषधशास्त्र आणि फार्मसी एकच का?

नाही. औषध शरीरात काय करतं आणि शरीर औषधाचं काय करतं, हे औषधशास्त्र. औषध तयार करणं, साठवणं, तपासणं आणि देणं ही फार्मसी. फार्मसीवाल्यांना दोन्ही लागतं, नर्सला पहिलं जास्त.

एकाच गोळीची तीन-तीन नावं का असतात?

एक रासायनिक नाव असतं, ते आपल्या कामाचं नाही. दुसरं मूळ नाव, म्हणजे जेनेरिक, जसं पॅरासिटामॉल. तिसरं कंपनीने ठेवलेलं, जसं क्रोसिन किंवा डोलो. वहीत नेहमी मूळ नाव लिहा. रुग्णाच्या पिशवीत दोन वेगळ्या ब्रँडच्या पट्ट्या असतात आणि दोन्हींत पॅरासिटामॉलच असतं, असं मी कितीदा तरी पाहिलं आहे. एक तापाची म्हणून, दुसरी अंगदुखीची म्हणून. त्याच्या हिशेबाने दोन औषधं, यकृताच्या हिशेबाने दुप्पट डोस. पट्टी उलटी करून बारीक अक्षर वाचायला दहा सेकंद लागतात.

अमेरिकन पुस्तकात ॲसिटामिनोफेन दिसलं तर तेही पॅरासिटामॉलच, आणि एपिनेफ्रिन म्हणजे आपलं ॲड्रेनालिन.

गोळी गिळली की पुढे नेमकं काय होतं?

चार टप्पे आहेत. आतड्यातून रक्तात जाणं म्हणजे शोषण. रक्तातून पेशींपर्यंत पोचणं म्हणजे वितरण. तोडफोड होऊन रूप बदलणं म्हणजे चयापचय, हे मुख्यतः यकृतात. बाहेर पडणं म्हणजे उत्सर्जन, हे मुख्यतः मूत्रपिंडातून. परीक्षेत चौघांच्या व्याख्या लिहाल, पण वॉर्डात चार प्रश्न म्हणून लक्षात ठेवा: उलट्या होताहेत का, अंगावर सूज किंवा कुपोषण आहे का, कावीळ किंवा दारू आहे का, लघवी होते आहे का. यातल्या एकाचंही उत्तर बिघडलं की नेहमीचा डोस त्या माणसाला नेहमीसारखा लागू पडेलच असं नाही.

गोळीला अर्धा-पाऊण तास लागतो, मग खर्रा तोंडात टाकला की लगेच कशी किक बसते?

हा प्रश्न चंद्रपूरकडच्या एका मुलाने वर्गात विचारला. बाकीचे हसले, पण शोषणाचं सगळं प्रकरण या एका प्रश्नात येतं.

निकोटिन हे क्षारधर्मी द्रव्य आहे. आम्लात त्यावर विद्युतभार येतो, आणि भार असलेला रेणू पेशीच्या स्निग्ध पडद्यातून सहज जात नाही. खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र मळलेला. चुन्याने तोंडातली लाळ क्षारीय होते, निकोटिनवरचा भार उतरतो आणि ते गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात शिरतं. तंबाखू चुन्याबरोबरच का मळतात, याचं हे कारण. आपल्या आजोबा-पणजोबांना भार वगैरे माहीत नव्हता, पण चुन्याशिवाय मजा नाही एवढं नक्की माहीत होतं.

दुसरी गोष्ट. तेच निकोटिन गिळलं तर आतड्यातून आधी यकृतात जातं आणि बरंचसं तिथेच मोडतं. याला फर्स्ट पास म्हणतात. गावातून बाहेर जाणाऱ्या मालाला पहिल्याच नाक्यावर जकात भरावी लागावी, तसं. गालातून किंवा जिभेखालून शिरलेल्या औषधाला हा नाका लागत नाही. छातीत कळ आलेल्या माणसाला सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात ते यासाठीच. गोळी गिळली की नाका लागतो, उशीर होतो आणि पोचतंही कमी. म्हणून 'जिभेखाली ठेवा, चघळू नका, गिळू नका' हे वाक्य रुग्णाच्या डोळ्यांत बघून, दोनदा सांगा.

अर्धायुष्य म्हणजे काय, आणि ते मला कशाला लागतं?

रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ. १०० चे ५०, ५० चे २५, मग १२.५, मग सव्वासहा. पॅरासिटामॉलचं साधारण २ ते ३ तास, म्हणून दिवसातून तीन-चारदा द्यावं लागतं. डिगॉक्सिनचं सुमारे दीड दिवस, म्हणून दिवसातून एकदा पुरतं, आणि जास्त झालं तर उतरायलाही दिवस लागतात. नियमित गोळ्या सुरू केल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला चार ते पाच अर्धायुष्यं जावी लागतात. 'तीन दिवस झाले, काहीच फरक नाही' असं म्हणून औषध बंद करणाऱ्या रुग्णाला हे समजावायचं काम बहुतेक वेळा नर्सच्याच वाट्याला येतं.

रिसेप्टर समजत नाही. कुलूप-किल्लीच्या पुढे डोकं जात नाही.

कुलूप-किल्लीपर्यंत आलात तर अर्धं झालं. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं कुलूप, औषध किंवा शरीरातलं रसायन म्हणजे किल्ली. कुलूप उघडणारी किल्ली म्हणजे ॲगोनिस्ट. कुलपात जाऊन बसते पण उघडत नाही आणि खऱ्या किल्लीला शिरू देत नाही, ती अँटॅगोनिस्ट. उरलेलं पुढच्या तीन प्रश्नांत येईल, कारण फवारणी, धोतरा आणि विंचू यांच्याइतकं चांगलं उदाहरण पुस्तकात सापडत नाही.

फवारणीच्या विषबाधेत ॲट्रोपिनच का देतात? आणि एवढ्या ॲम्प्युल का फोडतात?

२०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी परीक्षेचा नाही.

मज्जातंतूच्या टोकाला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, निरोप देतं आणि एका एन्झाइमने लगेच मोडलं जातं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं त्या एन्झाइमलाच जखडून टाकतात. निरोप थांबतच नाही. मग शरीरातला प्रत्येक नळ उघडा पडतो: लाळ, अश्रू, घाम, उलटी, जुलाब, लघवी. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. सगळ्यात वाईट म्हणजे फुफ्फुसात पाणी साचतं आणि नाडी मंदावते. बायको सांगते, 'फवारा मारून आला, अन् घरी येता येता भोवंडी येऊन पडला.' तेवढ्यात तुम्हाला त्याच्या कपड्याचा वास येतो.

ॲट्रोपिन हे ॲसिटिलकोलीनच्या मस्करिनिक कुलपात बसणारं अँटॅगोनिस्ट. निरोप सुटतच राहतात, पण फुफ्फुस आणि हृदय ते ऐकत नाहीत. आपल्याकडच्या एका ॲम्प्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. सुरुवातच मोठ्या माणसाला १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे तीन ते पाच ॲम्प्युलने होते. दर पाच मिनिटांनी बघायचं, सुधारणा नसेल तर डोस दुप्पट. कधीपर्यंत? छाती कोरडी होईपर्यंत, नाडी ८० च्या वर आणि वरचा रक्तदाब ८० च्या वर येईपर्यंत. बाहुली मोठी व्हायची वाट बघत बसायचं नाही, ती उशिरा सुटते. काखेत हात घालून बघा, घाम सुकला का. रात्रीच्या ड्युटीत स्टेथोस्कोपच्या खालोखाल मला या हाताचाच भरवसा वाटत आला आहे.

ॲट्रोपिन स्नायूंचा अशक्तपणा मात्र काढत नाही, कारण तिथलं कुलूप वेगळ्या जातीचं, निकोटिनिक. त्यासाठी प्रॅलिडॉक्सिम आहे, ते जखडलेलं एन्झाइम सोडवायचा प्रयत्न करतं आणि लवकर दिलं तरच उपयोगी पडायची शक्यता असते. एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणं, श्वास उथळ होणं हे प्रकार होऊ शकतात. म्हणून 'आता शुद्धीवर आला' म्हणून लक्ष काढून घेऊ नका.

दोन कामं औषधाच्याही आधीची. हातात ग्लोव्ह्ज घालून कपडे काढा आणि साबणाने अंग, केस, नखं धुवा. हे विष कातडीतूनही शिरत राहतं, म्हणजे कपडे अंगावर असेपर्यंत शोषण चालूच. आणि नातेवाइकाला डबा आणायला धाडा. प्रत्येक कीटकनाशक ऑर्गॅनोफॉस्फरस नसतं. सायपरमेथ्रिन वेगळ्या गटातलं आहे, आणि बऱ्याचदा दोन-तीन डबे एकत्र मिसळून मारलेले असतात. डबा नसेल तर लक्षणांवरून चालायचं, पण डबा हाती आला तर डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो.

धोतरा खाल्लेलं मूल आलं तर हेच करायचं का?

उलट. धोतऱ्याच्या बियांतच ॲट्रोपिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं असतात. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहिलेलं फळ मुलांच्या हाती लागतं. मग तोंड कोरडं, अंग तापलेलं, चेहरा लाल, लघवी तुंबलेली, बाहुली मोठी, आणि मूल हवेत काहीतरी पकडल्यासारखं हात फिरवतं. फवारणीचा रुग्ण ओला आणि बाहुली बारीक, धोतऱ्याचा कोरडा आणि बाहुली मोठी. हे दोन रुग्ण मनात शेजारी-शेजारी झोपवले की स्वायत्त मज्जासंस्थेचा (लाळ, घाम, नाडी, बाहुली आपोआप चालवणाऱ्या मज्जातंतूंचा) अर्धा धडा होतो. ॲट्रोपिन जास्त झालेला फवारणीचा रुग्णही धोतऱ्यासारखा दिसू लागतो: ताप, बडबड, आतड्याचा आवाज बंद. तसं दिसलं की लगेच डॉक्टरांना बोलवा.

विंचवावर रक्तदाबाची गोळी का देतात?

लाल विंचवाचं विष शरीरातल्या ॲड्रेनालिनसारख्या रसायनांचा पूर सोडतं. हातपाय थंड, दरदरून घाम, रक्तवाहिन्या आवळलेल्या, हृदयावर ताण, मग फुफ्फुसात पाणी. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध म्हणजे त्या रसायनांच्या अल्फा कुलपात बसणारं अँटॅगोनिस्ट, ते आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडला हे काम उभं केलं आणि त्यावरचे त्यांचे लेख 'लॅन्सेट'मध्ये आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका ग्रामीण डॉक्टरने औषधशास्त्राचा एक धडा नीट लावला आणि मरणारी माणसं वाचू लागली, हे माझ्या मुलींना मी दर वर्षी सांगते. नर्सने जपायचं ते हे: पहिल्या डोसनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, रुग्णाला उठवून बसवू नका.

साप चावलेल्या लहान मुलाला सर्पदंशाची लस कमी द्यायची ना?

नाही. सगळ्यात जास्त चुकणारं उत्तर हेच आहे. आपण डोस वजनावर काढतो तो औषध शरीरात पसरतं म्हणून. इथं औषधाचं काम विषाला बांधून टाकणं आहे, आणि साप मूल बघून कमी विष सोडत नाही. म्हणून मुलाला आणि मोठ्याला सारखाच डोस, सुरुवातीला साधारण १० व्हायल. गरोदर बाईलाही तसंच.

आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. ती घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते, त्यामुळे रिॲक्शन येऊ शकते. लस लावायच्या आधी ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून ठेवा. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. मण्यारीचं लक्षात ठेवा: रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, दंशाची खूण नाही, दुखत नाही, पोटात कळ आणि पहाटे पापण्या खाली. 'गॅस झाला' म्हणून त्याला परत पाठवलं तर तो परत येत नाही.

गणितं कशी सोडवायची? मला डोसचे हिशेब आले की घाम फुटतो.

सगळे हिशेब एकाच प्रश्नाचे आहेत: एका मिलिलिटरमध्ये किती आहे? एवढं काढलं की पुढे फक्त भागाकार उरतो.

टक्केवारी म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये किती ग्रॅम. मॅग्नेशियम सल्फेट ५० टक्के, म्हणजे २ मिलिलिटरच्या ॲम्प्युलमध्ये १ ग्रॅम. झटके आलेल्या गरोदर बाईला पुढे पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम द्यायचं असेल, तर प्रत्येक बाजूला पाच ॲम्प्युल, म्हणजे १० मिलिलिटर. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याला टकटक करून बघा, श्वास मोजा, लघवी बघा. गुडघा हलला नाही तर थांबा. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये असायलाच हवं.

सलाईनचे थेंब: साध्या सेटमध्ये १ मिलिलिटरचे साधारण २० थेंब. ५०० मिलिलिटर ८ तासांत, म्हणजे १०,००० थेंब ४८० मिनिटांत, मिनिटाला साधारण २१.

इन्सुलिनमध्ये सगळ्यात जास्त काळजी घ्या. आपल्या दवाखान्यातली बहुतेक व्हायल ४० युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट गेलं. व्हायल आणि टोपण दोन्ही एकत्र डोळ्यासमोर धरल्याशिवाय सुई टोचू नका.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती तुमच्या हातून होऊ नये. नवीन नोकरीत ओपीडीत खूप गर्दी होती. ८ किलोच्या बाळाच्या आईला मी तापाच्या औषधाबद्दल म्हटलं, 'एक चमचा द्या, सहा तासांनी.' बाटली बघितली नाही. सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं. तिच्या हातात ड्रॉप्सची बाटली होती, १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमची. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा ती छोटी बाटली रिकामी होत आली होती आणि ड्रॉपर खोक्यात प्लॅस्टिकमध्ये तसाच गुंडाळलेला होता. दर चमच्याला ५०० मिलिग्रॅम, द्यायला हवं होतं ८० ते १२०. बाळाला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचं एन-ॲसिटिलसिस्टीन सुरू झालं, बाळ वाचलं. आई माझ्यावर ओरडली नाही. ती म्हणाली, 'तुम्ही चमचा म्हणाल्या, मी चमचा देल्ला.' तेव्हापासून मी कुणालाही 'चमचा' म्हणत नाही. बाटली हातात घेते, वजन विचारते, ड्रॉपरवर किंवा मापावर पेनाने रेघ मारते आणि आईकडूनच एकदा भरून दाखवून घेते.

'गोयी नको, सुई लावून द्या, सलाईन चढवा' असं म्हणणाऱ्या रुग्णाला काय सांगायचं?

भांडू नका. त्याची मजुरी बुडाली आहे, त्याला उद्या वावरात जायचं आहे. त्याला सांगा की तोंडाने पाणी राहत असेल तर ओआरएस आतड्यातून तेच काम करतं, कारण साखर आणि मीठ एकत्र गेलं की आतडं पाणी ओढून घेतं. मे महिन्यात उन्हात राबून आलेल्या, लघवी कमी झालेल्या माणसाला डायक्लोफेनॅकची सुई तर अजिबात हलक्यात घेऊ नका. कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडाला ती त्रास देते. (जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक देशात २००६ मध्ये बंद झालं, कारण औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. तेच रेणू, दुसरं शरीर.)

साइड इफेक्ट आणि ॲलर्जी यात फरक काय?

साइड इफेक्ट औषधाच्या कामातूनच येतो, बहुतेकदा आधी सांगता येतो. लोहाच्या गोळीने शौच काळी होते. टीबीच्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण 'रक्त जातंय' म्हणून गोळ्या नाल्यात फेकतो. मग कोर्स तुटतो. रिफाम्पिसिन गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी करतं, हे बायकांना बाजूला घेऊन सांगा.

ॲलर्जी वेगळी: पुरळ, गांधी, घरघर, रक्तदाब उतरणं, आणि पुढच्या वेळी आणखी जोरात. ती केसपेपरवर लाल शाईने लिहा. औषधाचा कोणताही दुष्परिणाम नर्सही कळवू शकते. देशात २०१० पासून त्यासाठी औषध-दक्षता कार्यक्रम आहे, टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४.

मोहाची घेतलेल्या माणसाला काय विचारून औषध द्यायचं?

मेट्रोनिडाझोल असेल तर दारू सोडायला सांगा, गोळ्या संपल्यावरही निदान दोन-तीन दिवस. नाहीतर उलट्या, धडधड, चेहरा लाल होऊ शकतो. रोज पिणाऱ्याचं यकृत पॅरासिटामॉललाही लवकर हार जातं. प्रश्न 'दारू पिता का?' असा नको, त्याला उत्तर 'नाही' असंच येतं. 'शेवटची कधी घेतली होती?' असं विचारा.

सिकलसेलच्या रुग्णाला लोह देऊ का? आणि मलेरियाच्या गोळीने लघवी काळी का होते?

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार, घरोघरी ऐकू येतो. रक्त कमी दिसलं म्हणून लोहाची गोळी हातात ठेवू नका. लाल पेशी फुटल्यामुळे रक्त कमी झालेलं असतं, लोह बऱ्याचदा कमी नसतंच. तपासणी करूनच. फॉलिक ॲसिड मात्र चालतं. हायड्रॉक्सियुरिया रुग्णाच्या रक्तात, माणूस गर्भात असताना असतं त्या जातीच्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवतं आणि पेशी वाकड्या व्हायचं प्रमाण कमी होतं. ते चालू असताना रक्तपेशी मोजत राहाव्या लागतात, आणि मूल हवं असणाऱ्या बाईने आधी डॉक्टरांना सांगायला हवं.

दुसरा प्रश्न प्रायमाक्विनचा. व्हायवॅक्स मलेरियात परजीवी यकृतात लपून बसतो, तो काढायला १४ दिवस प्रायमाक्विन. पण ज्यांच्या पेशीत जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी आहे त्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटतात आणि लघवी कडक चहासारखी होते. असं दिसलं की गोळी बंद आणि तातडीने दवाखाना. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, लाईट जाते. औषधं कशी टिकवायची?

'खोलीच्या तापमानात ठेवा' हे लिहिणाऱ्याची खोली आपली नाही. टिनाच्या छपराखाली, खिडकीत, गाडीच्या डिक्कीत काही ठेवू नका. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांतच. इन्सुलिन गोठवू नका, गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरता येत नाही.

घरी फ्रीज नसलेल्या रुग्णाला मडक्याची युक्ती सांगा: मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात लहान मडकं, त्यात झाकणबंद डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं, सावलीत. फ्रीजइतकं थंड होत नाही, पण बाहेरच्यापेक्षा बरंच कमी राहतं. चालू व्हायल उघडून चार आठवडे झाले की टाकून द्या. साफ असायला हवं ते इन्सुलिन गढूळ दिसलं तरी टाकून द्या.

पट्टीवर लाल रेघ का असते?

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही म्हणून. अँटिबायोटिकच्या पट्टीवर ती बघा आणि रुग्णालाही दाखवा.

डॉक्टरांनी लिहिलेला डोस मला चुकीचा वाटला तर मी बोलू का? मी तर विद्यार्थिनी आहे.

बोला. फक्त 'चुकलंय' म्हणू नका, आकडे सांगा: 'सर, बाळाचं वजन ९ किलो आहे, इथं ५०० मिलिग्रॅम लिहिलंय, एकदा बघता का?' बहुतेक डॉक्टर लगेच कागद हातात घेतात. नाही घेतला तर सिस्टर इन्चार्जला सांगा, वेळ लिहून ठेवा, आणि उत्तर मिळेपर्यंत सिरिंज ट्रेमध्येच राहू द्या.